बन्सीधर मास्तरांचा पोहरा

बन्सीधर मास्तरांच्या नाकावर राग बसलेला असे आणि तो उतरवायला त्यांना विहीर लागे. सोनपेठेकडच्या एका खेड्यात महादेवाच्या देवळाच्या ओसरीवर त्यांची मराठी शाळा भरायची. ओसरीला लागूनच विहीर, विहिरीशेजारी दोन रांजण. वर्गात डोकं फिरलं की मास्तर पोरांना "रेघा ओढत बसा" म्हणून सांगत, ताडताड बाहेर जात आणि पोहरा विहिरीत सोडत. आठ-दहा पोहरे शेंदून झाले की हातातली रग जाई आणि मास्तर माणसात येत. गावच्या बाया रांजणात डोकावून मास्तरांचा दिवस कसा गेला ते ओळखायच्या.

"आज दोनी काठोकाठ हाईत. कोनावर राग काढायलात, मास्तर?" चतुराबाई घागर टेकवून विचारायची.

याला कारण होतं. लहानपणी गंगाखेडला एका पंतोजीने पाढा चुकला म्हणून त्यांच्या कानाखाली जाळ काढला होता. उजवा कान कायमचा गेला, पाढा तरीही आला नाही. ज्याला शिकवता येत नाही तोच सहा वर्षांच्या लेकरावर हात उचलतो, असं मास्तर कुणाच्याही तोंडावर सांगत. समोरचा स्वतः मास्तर असला तर जरा जास्तच मोठ्यानं सांगत.

कान गेला त्यातून त्यांनी एक रीत काढली. पोरानं उत्तर द्यायचं ते त्यांच्या डाव्या कानाशी येऊन, हळू. चुकलं तर ती चूक दोघांतच राहायची, बाकीची पोरं हसायला मोकळी नसायची. पाढे नुसते घोकायचे नाहीत, चिंचोके मांडून मांडून हाताला कळू द्यायचे. अक्षर आधी धुळीत बोटानं, मग पाटीवर. आणि कुणाच्या शेळीला करडू झालं, हे मास्तरांना ठाऊक असल्याशिवाय दिवसाची सुरुवात व्हायची नाही.

आबासाहेब गावचे माली पाटील, म्हणजे सारा वसूल करणारे. त्यांना ही सगळी थेरं वाटायची. "चिंचोके खेळायला पोरं पाठवायची व्हय शाळंत?" असं ते चावडीवर बसून विचारायचे. ज्यांना स्वतःला सहीपुढे दोन अक्षरं लिहिता येत नव्हती, त्यांनी शिक्षणावर बोलावं आणि गावानं माना डोलवाव्यात, ही आपल्याकडची जुनी खोड.

दसऱ्याला पाटीपूजन करून मुंजाजीने आपली विमल शाळेत आणून बसवली. मुंजाजी चार एकरांचा कुणबी, पोरगी सहा वर्षांची. घरी शेळीशीसुद्धा गप्पा मारायची, पण शाळेत तोंडातून शब्द काढीना. डाव्या कानाशीही येईना. मास्तरांनी तिला कधी काही विचारलं नाही. चिंचोक्यांची पिशवी तिच्या हातात दिली आणि प्रत्येकाला पाच-पाच वाटायला लावले. बावीस पोरांत तिचा एक चिंचोका कमी पडला नाही की जास्त झाला नाही. कुणी आलं नसेल तर उरलेले पाच ती मास्तरांपुढे मांडून ठेवी. तिला सगळं येतं, हे मास्तरांनी ओळखलं होतं. पेरलेलं दुसऱ्या दिवशी उकरून बघायचं नसतं, म्हणून ते वाट बघत होते.

पण निजामाच्या अमलात खाजगी मराठी शाळेला सरकारी मंजुरी लागायची. ती मिळाली नाही तर ओसरीला कुलूप आणि बावीस पोरं पुन्हा ढोरांमागं. माघात तपासणीचे साहेब आले. शेजारी खुर्ची टाकून आबासाहेब बसले. पोरांनी अक्षरं काढून दाखवली, चिंचोके मांडले, साहेब मान डोलवत होते. सगळं सुरळीत चाललेलं आबासाहेबांना बघवेना. त्यांनी नेमकं विमलकडे बोट केलं.

"ए पोरी, बे चोक?"

विमल गप्प. त्यांनी पुन्हा विचारलं. ती पिशवी छातीशी धरून उभी.

"बघा साहेब, चार महिने पानीच भरत बसलेत मास्तर. एक पोरगी बोलना झाली ह्यांच्यानं."

साहेबांनी कागदावरचा टाक उचलला. मास्तरांना कुलूप दिसलं. राग आबासाहेबांचा आला होता, आणि हात बसला विमलच्या गालावर.

पिशवी पडली, चिंचोके ओसरीभर पसरले. बाकीची पोरं श्वास रोखून बसली. ती शांतता बघून साहेब खूश झाले आणि त्यांनी लिहिलं, शिस्त उत्तम आहे, मंजुरी द्यावी. आबासाहेबांनी मास्तरांच्या पाठीवर थाप मारली. चार महिन्यांच्या शिकवण्याला जी मंजुरी मिळत नव्हती ती एका थपडेनं मिळाली. असल्या मंजुरीला आग लावावी असं मास्तरांना वाटलं, आणि त्याहून जास्त स्वतःच्या हाताला.

पोरं गेल्यावर त्यांनी पाणी शेंदलं. रांजण भरले, वाहिले, खाली चिखल झाला. राग उतरला नाही.

तीन दिवस विमल आली नाही. चौथ्या दिवशी मास्तर मुंजाजीच्या दारात गेले. विमलची आई तानुबाई पदर सावरत बाहेर आली. "मारलं म्हून काय झालं, मास्तर. मास्तरचा मार मनावर घेत न्हाईत आमी," ती म्हणाली. "पर पोरगी एकच इचारायलीय. मास्तर आदी पानी भरायला का न्हाई गेले?"

विहीर ओसरीपासून दहा पावलांवर होती. मास्तर अंगणात उकिडवे बसले, दाराआड उभ्या पोरीच्या डोळ्यांना डोळे येतील इतके खाली.

"जायला पायजे होतं," ते म्हणाले. "माझं चुकलं, विमल."

"लेकराला असं म्हनू नये, मास्तर," तानुबाई ओशाळून म्हणाली.

"लेकरालाच म्हणायचं असतं," मास्तर चिडून म्हणाले आणि उठले.

दुसऱ्या दिवशी विमल सगळ्यांच्या आधी आली. विहिरीवरचा पोहरा दोरासकट ओढत तिने ओसरीवर आणला आणि मास्तरांच्या बसकरापाशी ठेवला. इतर मास्तरांची छडी असते, बरोबर त्या जागी. मग ती त्यांच्या डाव्या कानाशी आली.

"हितंच ऱ्हाऊ द्या," ती म्हणाली.

पोहरा तिथेच राहिला. बायांना पाणी शेंदायचं झालं की शाळेत येऊन मागावा लागे, आणि मास्तर तो विमलला विचारूनच देत.