रविवारचा कौल

आडव्याउभ्या काकूंच्या लेखी जगात तीनच प्रकारची माणसं होती. आडवी, उभी आणि काळी घरं. घरमालक आडवा, कारण तो प्रत्येक कामात आडवा यायचा. शेजारचे साळवेमामा उभे, कारण कुणाच्याही अडचणीला ते उभे राहायचे. आणि माझे वडील, जे ऑफिसातून आल्यावर झोपेपर्यंत चकार शब्द काढत नसत, ते काळं घर. "तुझो बापूस म्हणजे काळा घर गो, थंय कायच लिहून होणा नाय," असं त्या बाबांच्या देखत म्हणायच्या आणि बाबा वर्तमानपत्रामागे हसायचे. चाळीत त्यांचं खरं नाव फक्त रेशनकार्डाला ठाऊक असावं.

हे सगळं रविवारच्या शब्दकोड्यातून आलेलं. पेपरच्या पुरवणीत मोठं कोडं यायचं. त्यातली काही घरं ठिपक्यांची असत. कोडं पुरं सुटलं, की त्या ठिपक्यांच्या घरांतली अक्षरं क्रमाने जुळवायची आणि निघणारा गुप्त शब्द पोस्टकार्डावर लिहून पाठवायचा. सोडतीत नाव आलं तर बक्षीस. काकूंनी जन्मात एक पोस्टकार्ड पाठवलं नाही. त्यांना बक्षीस नको होतं, शब्द हवा होता.

आंघोळ करून, देवापुढे दिवा लावून त्या गॅलरीत पाट मांडून बसत. पेन्सिल अंबाड्यात खोचलेली. शब्दांच्या बाबतीत त्या काही फार हुशार नव्हत्या, म्हणून अख्ख्या मजल्याला वेठीला धरत. नद्या-डोंगर साळवेमामांकडे, पुराणातली नावं माझ्या आईकडे, क्रिकेट आणि इंग्रजी माझ्याकडे. मी तेव्हा घाटकोपरच्या एका कारखान्यात टेलिफोनवर बसायचे आणि रविवारी तरी कुणी हॅलो म्हणू नये अशी माझी इच्छा असे. पण काकूंची हाक आली की उठावंच लागे. एखादा शब्द अडला तरी त्या घाई करत नसत. म्हणत, "शब्द आपसूक येता. आपण फक्त घरां मोकळी ठेवची."

गंमत इथवरच होती. काकूंच्या गावी देवाला कौल लावतात. दगडी मूर्तीला ओल्या पाकळ्या चिकटवायच्या, प्रश्न विचारायचा आणि उजवी पाकळी आधी पडते की डावी, ते बघायचं. उजवी पडली की कार्य सिद्धीस जाणार. गाव सोडून भांडुपला आल्यावर काकूंचा देव मागे राहिला आणि सवय तेवढी सोबत आली. त्यांचा एकुलता एक मुलगा सदानंद मालवाहू जहाजावर इंजिनखोलीत कामाला लागला, त्या आठवड्यात कोड्यातून शब्द निघाला 'प्रवास'. मग एकदा 'विलंब' निघाला आणि त्याचं जहाज खरोखरच बंदरात अडकून पडलं. झालं! त्यानंतर कोडं हे कोडं राहिलं नाही. मी एकदा शहाणपणा केला, "काकू, हे पेपरवाले कुठल्यातरी खोलीत बसून शब्द बनवतात हो." त्या शांतपणे म्हणाल्या, "मगे? देवाक हात खंय असत? कोणाच्या तरी हातानच लिवतलो."

त्या वर्षी आखातातल्या लढाईत जहाजांवर बॉम्ब पडायला लागले. सदानंदचं जहाज त्याच पाण्यात होतं. संध्याकाळच्या बातम्यांची वेळ झाली की काकू आमच्या उंबऱ्यावर येऊन बसत, आत येत नसत. बातमीत जहाज हा शब्द आला की त्यांच्या हातातली तांदूळ निवडण्याची परात थांबे. आणि मग एक दिवस सदानंदची खबर येणंच बंद झालं. साळवेमामा रजा टाकून फोर्टातल्या कंपनीच्या कचेरीत गेले. तिथल्या माणसाने जहाजाशी संपर्क होत नाही, एवढंच सांगितलं आणि चहा विचारला. मामा घरी येऊन म्हणाले, "चहा विचारला ना, तेव्हाच मी काय ते समजलो."

पुढच्या रविवारी गॅलरीत कधी नव्हे एवढी माणसं जमली. कोडं भराभर सुटत होतं, आणि तेच वाईट झालं. ठिपक्यांची घरं पाच. पहिलं अक्षर ज आलं, मग ल. स आला तेव्हा कुणाच्या काही ध्यानात आलं नाही. मा माझ्याच शब्दातून आला, 'सामान'. मी मोठ्या तोऱ्यात तो सांगितला आणि काकूंची पेन्सिल त्या घरात फिरली, तेव्हा कुठे मी चारी अक्षरं सलग वाचली. ज, ल, स, मा. पाचवं घर मोकळं होतं. ते ज्या शब्दात होतं त्याची खूण होती, 'मुदत, तीन अक्षरे'. पहिली दोन अक्षरं, अ आणि व, आडव्या शब्दांनी आधीच भरली होती.

शाळेत जाणाऱ्या पोरालाही ते आलं असतं. पण आई पदराशी चाळा करत होती, साळवेमामा छताकडे बघत होते. कोडं घालणाऱ्याच्या डोक्यात रामायणातला शरयूचा प्रसंग असेल, दुसरं काय असणार, हे मला कळत होतं. तरी मीही खाली बघत राहिले. काकूंनी एकेकाच्या तोंडाकडे पाहिलं. मग स्वतःच म्हणाल्या, "अवधी." आणि शेवटच्या घरात धी लिहिला.

जलसमाधी!

त्या रडल्या नाहीत. त्यांचं ते न रडणं बघवत नव्हतं. आई म्हणाली, "काकू, तो कागद फाडून टाका. पुढच्या रविवारी दुसरं येईल." काकूंनी मान हलवली. "एकदा मागलेलो कौल परत मागूचो नसता. गाऱ्हाणा मात्र घालूक येता." गाऱ्हाणं म्हणजे देवापुढे खड्या आवाजात केलेली विनवणी, आणि जमलेल्यांनी प्रत्येक वाक्याला होकार भरायचा. गावात ते पुरुषमाणूस घालतं. काकू पाटावरून उठल्या, पेपर पाटावर ठेवला, त्यावर नारळ ठेवला आणि डोक्यावर पदर घेतला.

"बा देवा म्हाराजा!"

आई कोकणातली, तिच्या तोंडून आपोआप निघालं, "व्हय म्हाराजा!"

"माझो झील पाण्यात आसा. त्येच्या वाटेत जा काय संकट इला असात, ता परतून लाव!"

"व्हय म्हाराजा!" आता सगळेच. साळवेमामा बाबासाहेबांच्या तसबिरीखेरीज कशापुढे हात न जोडणारे, त्यांनी एकदा घसा साफ केला आणि सगळ्यांत मोठ्याने "व्हय!" म्हटलं. काळं घर असलेले माझे वडीलसुद्धा ओरडत होते.

"पोरग्याक सुखरूप घराक हाड!"

"व्हय म्हाराजा!"

"आणि बदल्यात तुका जीवच होयो असात, तर ह्यो माझो घे!"

"व्हय म्हाराजा!"

आवाज गॅलरीभर घुमला, आणि मग आपण कशाला हो म्हणालो ते एकेकाच्या लक्षात आलं. कुणी कुणाकडे बघेना. काकूंनी मात्र नारळ फोडला आणि प्रत्येकाच्या हातावर खोबरं ठेवलं. मी ते मुठीत तसंच ठेवलं.

सदानंद आला. जहाजाला आग लागली होती, दुसऱ्या जहाजाने माणसं उचलली होती, एका कानाने त्याला कमी ऐकू येत होतं; पण आला. चाळीत पेढे वाटले गेले. पेढा खाताना आम्ही सगळे काकूंकडे चोरून बघत होतो. त्यानंतर चाळीची झोपच उडाली म्हणा ना. सकाळी पलीकडून त्यांच्या स्टोव्हला पंप मारल्याचा आवाज येईपर्यंत मी अंथरुणात पडून राहायचे. त्यांना साधा खोकला झाला तरी साळवेमामा डॉक्टरला घेऊन यायचे. एकट्या काकू मजेत होत्या. कोडं त्यांनी सोडून दिलं होतं. साड्या वाटून टाकत होत्या, लोणच्याचं प्रमाण आईला शिकवत होत्या.

मे महिन्यात त्या कायमच्या गावी निघाल्या, तेव्हा मला राहवलं नाही. "काकू, ते गाऱ्हाणं मागे घेता येतं का हो? आम्ही न कळता हो म्हटलं." त्यांनी माझी हनुवटी धरली. "येडा चेडू! तुमी सगळ्यांनी व्हय म्हटल्यात, म्हणान तर माका धीर इलो. गप ऱ्हवला असतात तर मी थंयच मेलंय असतंय." आणि टॅक्सीत बसून गेल्या.

दिवाळीच्या आत सदानंद आमच्या दारात उभा राहिला. डोकं भादरलेलं. काही विचारायची गरज नव्हती, तरी आईने विचारलं. "झोपेत गेली," तो म्हणाला, "काहीच होत नव्हतं तिला." साळवेमामाही येऊन बसले. वय झालं होतं, हृदय थकलं असेल, असं बाबा चक्क चार वाक्यं बोलले. मीही तेच मानते, आजही.

चहा पिऊन झाल्यावर सदानंदने चांगला कान आमच्याकडे केला. "आई नेहमी सांगायची, मी अडकलो होतो तेव्हा तुम्ही सगळ्यांनी माझ्यासाठी गाऱ्हाणं घातलं. पण काय घातलं, ते विचारलं की नुसती हसायची. काय मागितलं होतं तिने?"

आईने कपबश्या उचलल्या आणि ती तशीच उभी राहिली. साळवेमामांनी पुढे सरकून त्याच्या गुडघ्यावर हात ठेवला.

"तू सुखरूप घरी यावास," ते म्हणाले.

"बस, एवढंच?"

"एवढंच रे बाबा," मामा म्हणाले आणि त्यांनी माझ्याकडे पाहिलं.

"हो," मी म्हटलं. "एवढंच."