वाढत्या अंगाची रायफल

किस्से काही ठरवून गोळा होत नाहीत. सिंकखाली प्लास्टिकच्या पिशव्या जमतात तसे ते जमतात, आणि टाकायला गेलं की हात धजत नाही. माझ्याकडचे सगळे एकाच जागेचे आहेत. आइंडहोव्हन या डच शहराजवळच्या एका खेड्यात छोटा रायफल क्लब आहे. दर गुरुवारी संध्याकाळी मुलं आत नेमबाजी करतात आणि आम्ही आईबाप काचेबाहेर कॉफी पीत बसतो. मैत्रिणी म्हणतात, लिहून काढ. काढते. पण आधीच सांगते, यातल्या निम्म्या किश्शांत माझा नवरा प्रसाद आहे, आणि तो आता नाही.

*

मुक्ताला क्लबात घातलं प्रसादनेच. दिवसभर कॉम्प्युटरच्या चिप बनवायच्या मशीनमध्ये डोकं घालून बसणारा माणूस. त्याला ऑफिसात कोणीतरी सांगितलं की नेमबाजीने एकाग्रता वाढते. मुक्ताचं गणित कच्चं. झालं, अकरा वर्षांच्या पोरीला घेऊन हा थेट क्लबात! डच आईबाप मुलाला आवडतं म्हणून खेळाला घालतात, आपण गणितासाठी घालतो.

दोन वर्षांत मुक्ता ज्युनिअर गटात तिसरी आली. गणित होतं तिथेच राहिलं.

मी टोमणा मारला तर प्रसाद म्हणाला, "एकाग्रता आली आहे गं. फक्त ती गणिताकडे वळायची आहे."

*

क्लबची रायफल दहा जणांच्या हातची. मुक्ताला स्वतःची हवी होती, छऱ्याची, दहा मीटरवाली. बापलेकीने परस्पर करार केला: अर्धे पैसे तिने साठवायचे, अर्धे त्याने घालायचे. मला विचारलंही नाही, कारण मी नाही म्हणणार हे दोघांना माहीत होतं. घरात बंदूक नको, हे माझं पहिल्यापासूनचं.

मुक्ता पैशाला चिकट झाली. शेजारच्या बाळाला सांभाळलं, वाढदिवसाचे पैसे बाजूला ठेवले. कोनिंग्सडाखला, म्हणजे राजाच्या वाढदिवसाला, इथली मुलं फुटपाथवर चादर पसरून जुनी खेळणी विकतात, तशी हिने सगळी विकली. मी पुण्याहून आणलेली भातुकलीसुद्धा विकली. मी चिडले, तर बापाने तिचीच बाजू घेतली.

२०२०च्या मार्चमध्ये प्रसादला ताप आला. एप्रिलमध्ये तो गेला. आम्हाला दवाखान्यात जाता आलं नाही. अंत्यसंस्काराला मोजकी माणसं होती, तीही लांब लांब उभी.

जुलैमध्ये मुक्ता माझ्यापुढे येऊन उभी राहिली. एरवी ती मराठी समजते पण उत्तर डचमध्ये देते. त्या दिवशी जुळवून जुळवून मराठीत बोलली. "आई, माझे अर्धे झाले. रायफल मोठ्या माणसाच्या नावावर घ्यावी लागते. तू येशील?"

मी हो म्हटलं. तीन महिन्यांत तिने माझ्याकडे पहिल्यांदाच काहीतरी मागितलं होतं.

*

क्लबात मी पहिल्यांदा पाऊल टाकलं ते तेव्हा. मुलांना शिकवतो तो हेंक, सत्तरीचा, निवृत्त पोस्टमन. त्याने हात पुढे केला नाही, तेव्हा कोणीच करत नव्हतं. दीड मीटरवरून म्हणाला, गुरुवारी आम्हाला प्रसादची फार आठवण येते. मग जरा घुटमळला आणि म्हणाला, त्याच्या त्या पिवळ्या कुरकुरीत खाऊचीही येते.

म्हणजे माझा चिवडा! दर रविवारी मी डबा भरून करायचे आणि शुक्रवारी डबा रिकामा. मी प्रसादला कोलेस्टेरॉलवरून वाटेल ते बोलायचे, आणि तो खाली मान घालून ऐकून घ्यायचा. हेंक म्हणाला, तो स्वतः फारसा खायचा नाही, टेबलावर डबा ठेवायचा आणि सगळ्यांना वाढायचा.

दोन वर्षं मी भलत्याच माणसाला बोलले. घरी येऊन खूप रडले. पुढच्या गुरुवारी डबा घेऊन गेले.

*

रायफलच्या दुकानात अपॉइंटमेंट घेऊन गेलो. दुकानदाराने मुक्ताच्या खांद्याचं, हाताचं माप घेतलं आणि एक रायफल पुढे केली. तिला अगदी बरोबर बसली.

मी म्हटलं, एक साइझ मोठी दाखवा. त्याला कळेना. मी समजावलं, मुलगी वाढत्या अंगाची आहे, दोन वर्षांत आखूड होईल. आमच्याकडे युनिफॉर्म असाच घेतात, बूट असेच घेतात, सायकलसुद्धा पाय टेकत नसताना घेतात. मुक्ता म्हणाली, "आई, प्लीज."

दुकानदार सज्जन. त्याने दस्ता मागे सरकवून दाखवला, गाल टेकायची फळी वर करून दाखवली. म्हणाला, मॅडम, ही तिच्याबरोबर वाढेल.

मग मुक्ताने पाकीट काउंटरवर ठेवलं, आणि उरलेले मी कार्डाने भरले. दुकानदार कौतुकाने म्हणाला, वा, अर्धे तुझे, अर्धे आईचे.

"नाही," मुक्ता म्हणाली, "अर्धे बाबाचे."

दुकानदाराने माझ्याकडे बघितलं. मी मान हलवली. पावती माझ्या नावावर झाली.

*

ऑक्टोबरात खंडेनवमी आली. दरवर्षी प्रसाद लॅपटॉपची, स्क्रूड्रायव्हरच्या संचाची आणि तिघांच्या सायकलींची पूजा करायचा. त्या वर्षी काही करायचं मनात नव्हतं, पण घरात खरोखरचं शस्त्र आलेलं. मग मी पाटावर लाल कापड घातलं, रायफल ठेवली, हळदकुंकू वाहिलं, झेंडूऐवजी सुपरमार्केटातली शेवंती वाहिली, आणि हात सढळ ठेवून अक्षता टाकल्या.

पुढच्या गुरुवारी मुक्ताचा छर्रा आत जाईना. हेंकने चष्मा लावला, सळई घातली, आणि नळीतून कुंकवाने माखलेला तांदळाचा दाणा बाहेर काढला. तो तळहातावर घेऊन बराच वेळ बघत बसला. पन्नास वर्षांत त्याने नळीतून बरंच काही काढलं होतं, भात नव्हता काढला.

मी ओशाळून सांगितलं, वर्षातून एकदा हत्याराला नमस्कार करायचा असतो, वर्षभर त्याने आपल्याला साथ द्यावी म्हणून. मला वाटलं हसेल. तो आत गेला, स्वतःची जुनी रायफल घेऊन आला आणि म्हणाला, "हिलाही कर. पण तांदूळ नको."

*

डिसेंबरात पुन्हा लॉकडाउन लागला आणि क्लब बंद झाला. मुक्ता घरीच सराव करायला लागली, छर्रा न घालता. स्वयंपाकघराच्या दारावर टार्गेटचा कागद, पॅसेजच्या दुसऱ्या टोकाला ती. इथल्या घरांना पडदे असतात पण ते ओढायचे नसतात, त्यामुळे तिसऱ्या दिवशी दारात पोलीस. कोणीतरी खिडकीतून पाहिलं होतं.

शस्त्र कोणाचं, त्याने विचारलं. माझं, मी म्हटलं. माझी उंची पाच फूट, अंगावर एप्रन, दोन्ही हात कणकेने भरलेले. त्याने मला वरपासून खालपर्यंत बघितलं. पावती पाहिली, कुलपाचं कपाट पाहिलं, आणि पडदा ओढून घ्या म्हणून निघाला. जाताना मुक्ताला सांगून गेला, कोपर जरा आत घे.

*

त्या सरावाची मात्र मला धास्ती बसली. बंदुकीची नव्हे. नेम धरताना ती श्वास घ्यायची, अर्धा सोडायची, आणि धरून ठेवायची. सगळं घर गप्प. मग टक असा आवाज, आणि मग पुढचा श्वास. मी पोळ्या लाटत असायचे आणि त्या मधल्या वेळात माझं लाटणं थांबायचं.

दवाखान्यातल्या नर्सने आम्हाला टॅब्लेटवर प्रसाद दाखवला होता. दहा मिनिटं. मशीन त्याच्या छातीत हवा भरत होतं आणि मी प्रत्येक वेळी छाती वर येण्याची वाट बघत होते. मुक्ता माझ्या शेजारी बसून तेच बघत होती. त्याबद्दल आम्ही दोघी कधी बोललो नाही. सरावाबद्दलही मी तिला काही बोलले नाही. तिचं एवढं एकच उरलं होतं.

*

पुढच्या वर्षी सप्टेंबरात ज्युनिअरची स्पर्धा झाली, स्वतःच्या रायफलवरची तिची पहिली. हॉलमध्ये नेमबाजांच्या मागेच खुर्च्या मांडल्या होत्या. हेंकने सगळ्या पालकांना बजावलं होतं, चालू असताना एक शब्द नको.

मुक्ता सुंदर मारत होती. दहा, नऊ, दहा. शेवटचे पाच छर्रे राहिले. तिने रायफल उचलली, गाल टेकवला, श्वास घेतला, अर्धा सोडला, आणि थांबली. या वेळी जास्तच थांबली. तिची पाठ हलेना. मी तिच्या जाकिटाकडे बघत होते, ते वर येईना, येईना, आणि मला कळलंच नाही की मी उभी राहिले आहे.

"श्वास घे!" मी ओरडले. "मुक्ता, श्वास घे!"

छर्रा पाचाच्या वर्तुळात गेला. सगळा हॉल माझ्याकडे वळला. हेंकने डोळे मिटून घेतले. मला तोंड लपवायला जागा नव्हती.

मुक्ताने रायफल सावकाश टेबलावर ठेवली. कानावरचे मफ काढले. वळून माझ्याकडे बघितलं. वाटलं, आता डचमध्ये मला सगळ्यांदेखत झाडणार. तिने खांदे वर जातील एवढा मोठा श्वास घेतला आणि मला दिसेल असा सोडला.

मग मराठीत म्हणाली, "घेतला, आई. आता तू घे."