पिठाच्या डब्यातली घुगरी

फुलसावंगीजवळच्या तांड्यावर मोतीबाईच्या जिभेला सगळेच वचकून असत. नवऱ्याच्या, म्हणजे खेमसिंगच्या मंडप-डेकोरेशनच्या धंद्यात पाइप उचलायला, कनाती शिवायला ती पुढे. गिऱ्हाइकाने पैसे थकवले की त्याच्या दारात ठाण मांडून बसायलाही तीच. तरी धंदा बसलाच. शेवटी खेमसिंगने नादारीचा अर्ज केला, आणि घरातलं काय जाणार, काय राहणार हे ठरवायला कोर्टाचा अधिकारी येणार होता.

वकिलाने समजावलं होतं. कपडे, स्वयंपाकाची भांडी, अंथरूण-पांघरूण, कनाती शिवायचं मशीन, एवढं राहील. शिवाय धर्माप्रमाणे सवाष्णीने उतरवायचा नसतो तो दागिनाही राहील. म्हणजे मोतीबाईची घुगरी, केसांत गुंफून कानांवरून लोंबणारी चांदी. बंजारा बाईची ती नवऱ्यामागेच उतरते.

"याडी, अंगावरच राहू द्या," सून वर्षा म्हणाली.

"चांदी दिसली का सोडते काय कोनी?" मोतीबाईने सकाळीच केस मोकळे केले आणि घुगरी ज्वारीच्या पिठात दाबली. जन्मभर दुसऱ्यांकडून वसुली केलेली बाई. समोरचा काही सोडेल हे तिला पटणार कसं?

अधिकाऱ्यासोबत सदाशिवराव आले. मंडपाच्या धंद्यासाठी कर्ज त्यांनीच दिलं होतं. अधिकाऱ्याने भांडी सोडली, मशीन सोडलं. तो नको म्हणेपर्यंत सदाशिवरावांचा हात पिठाच्या डब्यात गेलाही.

"हे काय व्हय, मोतीबाई?"

"माही घुगरी हाय. ठेवा खाली."

"घुगरी डोक्यावर असते. डब्यात असते ते नुसती चांदी."

"लग्नातली हाय."

"नवरा गेल्यावरच निंघते म्हन्ता न तुम्ही? मंग खेमसिंग कधी गेला? आमाले तेरवीचं बोलावनंबी नाही."

खेमसिंग तिथेच बाजेवर बसला होता. मोतीबाईला त्याच्याकडे बघवेना. तिने पदर कपाळापर्यंत ओढला.

"बाई, काढली कशाला?" अधिकाऱ्याने विचारलं.

"चोराच्या भेवानं."

"कोण चोर?"

"पिठात हात कोनाचा हाय, पाहा न."

"मी सांगतलं होतं," वर्षा दारातून पुटपुटली.

"तू चूप राह्य."

अधिकारी म्हणाला, "अंगावर असती तर मी हात लावला नसता. आता सील करून न्यावी लागेल. परत द्यायची का, ते जजसाहेब ठरवतील."

सदाशिवराव गालात हसले.

"न्या," मोतीबाई म्हणाली. "पन कागदावर लिहा, बाईचा नवरा जित्ता हाय. नाही तं उद्या हे मानूस कोर्टात मले विधवा करून सोडन."

अधिकाऱ्याने तसं लिहिलं.

"उठा न जी, सही करा," मोतीबाई नवऱ्याला म्हणाली.

खेमसिंग उठला, सही करून पुन्हा बाजेवर बसला.

"आता तुम्ही, सदाशिवराव."

"मी कायले?"

"तुमीच इचारून राह्यलते न, कधी गेला म्हून? साक्षीदार व्हा."

सदाशिवरावांनी अधिकाऱ्याकडे पाहिलं. त्याने पेन पुढे केलं होतं. हातावरचं पीठ धोतराला पुसत सदाशिवरावांनी ते घेतलं.