एक्केचाळीस नंबरचा पंच

समस्त वाचकांना अत्यंत गंभीरपणे कळवण्यात येतं, की एका निवडणुकीच्या तोंडावर पालघर तालुक्याची शांतता भयंकर धोक्यात आली होती आणि ती वाचवण्याचा भार सर्वस्वी माझ्या खांद्यावर पडला होता. निदान मला तसं ठामपणे वाटत होतं. वय अठ्ठावीस, मिशी नवी, फौजदारकीही नवी. घटनेला आता बरीच वर्षं झाली. मी स्वेच्छानिवृत्ती घेतली, मिशी पिकली, पण त्या प्रकरणातला एकेक चेहरा अजून तस्साच डोळ्यांपुढे उभा राहतो. नाव मात्र कुणाचंच सांगणार नाही.

काळ ऐंशीच्या दशकातला. पालघर तेव्हा ठाणे जिल्ह्यातला एक तालुका होता. आमचं ठाणं कौलारू, अंगणात बदामाचं झाड, त्याखाली तक्रारदारांचं बाक. दहा मैलांवर तारापूरची औद्योगिक वसाहत दिवसरात्र घुमायची. इकडे किनाऱ्यावर माहीम, केळव्याच्या वाड्यांत पानवेली डुलायच्या. या दोन जगांचा एकमेकांशी फारसा संबंध नव्हता. या प्रकरणात तो आला.

सुरुवात झाली खबरीपासून. त्या वसाहतीजवळच्या सालवड नाक्यावरचा एक चहावाला माझ्यापुढे कप ठेवत पुटपुटला, "साब, कुंभवली की किसी शेड में एक मिस्त्री रिवॉल्वर पे काम कर रहा है. लंच की छुट्टी में. पुराने को दूसरा बोअर दे रहा है."

"कौन सी शेड?"

"वो मालूम होता तो मैं चाय बेचता?"

मला घाम फुटला, पण आनंदाचा. बोअर, म्हणजे नळीचं माप, बदलणं म्हणजे परवान्यात लिहिलेलं हत्यार सोडून दुसऱ्याच मापाची गोळी उडवणारं हत्यार तयार करणं. शस्त्र कायद्याखाली तो गंभीर गुन्हा. माझ्या डोळ्यांपुढे टोळी, कारखाना, पेट्याच्या पेट्या. शेजारच्या ठाण्याला रीतसर कळवून मी पंप विकत घेणाऱ्या व्यापाऱ्याच्या वेषात वसाहतीतल्या कुंभवलीत फिरू लागलो. तिसऱ्याच दिवशी एका पानवाल्याने विचारलं, "साब, पंप मिला क्या? और हवालदारसाब आज साथ नहीं आये?"

वेषांतर तिथेच संपलं.

आठवडाभर हाती काही नाही. आणि मग तपास स्वतःच्या पायांनी चालत ठाण्यात आला, धोतर नेसून.

निवडणूक जाहीर झाली की परवानाधारकांनी आपापली हत्यारं ठाण्यात जमा करायची आणि निकालानंतर पावती दाखवून परत न्यायची, असा शिरस्ता. माहीमचे एक वाडीवाले बागायतदार दरवेळी पहिल्या दिवशी हजर. आपण त्यांना तात्या म्हणू. आजोबांपासून आलेलं रिव्हॉल्वर तलम फडक्यात बांधून आणायचे, सोबत आम्हा सगळ्यांना वाडीतली पानं. पंधरा वर्षांत त्यातून एक बार उडाल्याचं कुणाला आठवत नव्हतं, कारण त्या जुन्या मापाची काडतुसंच बाजारातून गेली होती.

मुद्देमाल सांभाळणारे आमचे हवालदार निवृत्तीला आलेले. चष्म्याची एक काडी सुतळीची. परवाना, नंबर, बोअर, काडतुसं, असं पुटपुटत ते वहीत उतरवत होते. अचानक पुटपुटणं थांबलं.

"तात्या, काडतुसं आणलीत यंदा?"

"आणली तर! सहा हायत. पावतीत नीट लिवा."

"ही बत्तीस बोअरची आहेत. तुमचं हत्यार दुसऱ्या मापाचं."

"व्हतं," तात्या खुशीत म्हणाले. "आता नाय. आता बत्तीस चालतं त्यात. जावयाच्या परवान्यावरची हायत, घरचीच."

हवालदारांनी पेन खाली ठेवलं. तात्यांना वाटलं, सगळे कौतुकाने गप्प झालेत.

मी त्यांना समोर बसवून कलम समजावून सांगितलं. ते शांतपणे ऐकून म्हणाले, "फौजदारसाहेब, चष्म्याची काच बदलली म्हनून चष्मा परका होतो का? आज्याचं हत्यार मुकं पडलं व्हतं. त्याला बोलतं केलं."

"कुणी केलं?"

"ते नाय सांगनार."

"तात्या, तुमच्यावर गुन्हा दाखल होतोय."

"माजा गुन्हा माज्यावर लिवा. मी सही करतो. पन ज्याने मैतरकीपायी काम केलं, त्याचं नाव माज्या तोंडून येनार नाय. पानं ठेवलीत तिकडं, सुकतील."

दोन दिवस मी विचारत राहिलो. समजावलं, दरडावलं, जावयालाही बोलावलं. तात्या हूं की चूं करेनात. माझे वरिष्ठ म्हणाले, "माणूस बोलत नसेल तर वस्तूला विचार." मी रिव्हॉल्वर साक्षीदारांसमक्ष पुन्हा भिंगाखाली धरलं. काडतुसांच्या चक्राच्या मागे, मुंगीएवढे दोन आकडे उमटवलेले दिसले: ४१. हत्याराचा मूळ क्रमांक वेगळाच होता. मग हे काय? हवालदार म्हणाले, "परवान्यात नाही, मागच्या वेळच्या पावतीत नाही. म्हणजे नवं आहे."

पुन्हा कुंभवली, यावेळी गणवेशात. चौथ्या शेडमध्ये पंपांच्या पितळी बुशांची, म्हणजे दांड्याभोवती बसणाऱ्या कड्यांची, पेटी उघडी होती. एक बुश सहज उचलला, तर काठावर बारीक आकडे. दुसऱ्यावर दुसरे. फोरमनने समजावलं, "हर टर्नर का अपना पंच है, साब, नंबर का ठप्पा. माल रिजेक्ट हुआ तो पता चले किसने बनाया."

"और इकतालीस?"

फोरमनची छाती फुगली. "इकतालीस का माल आज तक वापस नहीं आया."

एक्केचाळीस नंबर लेथवर उभा होता. पन्नाशीचा, किडकिडीत, जवळच्याच गावचा. माझ्याकडे पाहिलं, मशीन बंद केलं, हात पुसले आणि मुकाट्याने गाडीत बसला. घरझडतीत काहीच सापडलं नाही. टोळी नाही, पेट्या नाहीत. चौकशीत त्याचं एकच उत्तर: "मला काय माहीत नाय, साहेब." तो पंच दाखवला तरी तेच. मी चिडलो, पण मनात एक प्रश्न रुतून बसला. एवढा सावध माणूस, मग चोरीच्या कामावर स्वतःचा नंबर का मारेल?

हवालदारांनी सुतळी कानामागे सारत सांगितलं, "साहेब, सवय. काम मनासारखं झालं की हात आपोआप पंचाकडे जातो."

खटला पालघरच्या कोर्टात उभा राहिला. तात्यांनी पहिल्याच तारखेला स्वतःपुरता गुन्हा कबूल केला. परवाना गेला, हत्यार सरकारजमा झालं, दंड झाला. मिस्त्रीचं नाव त्यांनी कोर्टातही घेतलं नाही. मिस्त्रीपुढे मात्र तुरुंग होता आणि बारा वर्षांची नोकरी पणाला लागली होती. त्याचे वकील हुशार होते. पंच काय, कुणीही उचलून मारू शकतो, हा त्यांचा मुद्दा बिनतोड होता. पोलिसांपुढच्या कबुलीजबाबाला तसंही कोर्टात किंमत नसते, आणि इथे तर कबुलीच नव्हती. आमची केस डळमळत होती. मिस्त्रीने फक्त गप्प राहायचं होतं, आणि त्या कलेत तो पारंगत होता.

खरं सांगू? तो सुटला असता तर मला वाईट वाटलं नसतं. तो सुटला नाही. शिक्षा झाली, पण वय आणि स्वच्छ चारित्र्य पाहून शक्य तितकी कमी. सुटून आल्यावर माहीमच्या वाडीत तात्यांसोबत पानं खुडताना मला भेटला. मी विचारलं, का केलंत? तो म्हणाला, "रोज तोच बुश, साहेब. बारा वर्सं. एक दिवस तात्यांनी ती वस्तू फडक्यातून काढली. आयुष्यात पयल्यांदा कामानं माज्याकडं बघितलं." आज ती वसाहत दुप्पट झाली आहे, कौलारू ठाणं गेलं, बदाम गेला. पण कुठेही सुबक घडवलेलं लोखंड दिसलं की मी त्यावर बारीक आकडे शोधतो.

नोकरीत मी पुष्कळ गुन्हेगारांना बोलतं केलं, असं मला वाटायचं. या प्रकरणाने शिकवलं की माणूस मारासमोर, धाकासमोर, लोभासमोरही गप्प राहू शकतो. आपलं पाप तो पोटात घेऊन जगतो. हातातलं कसब मात्र त्याला लपवता येत नाही.

तर, कोर्टातला तो शेवटचा दिवस. सरकारी तज्ज्ञांनी साक्ष दिली होती, की बदल अत्यंत सफाईने केलेला आहे. बचावाचे वकील आनंदाने उभे राहिले. आरोपीकडे बोट दाखवून म्हणाले, "महाराज, हा चौथी शिकलेला माणूस पाहा. याला धड एक बुश सरळ कापता येत नाही. याचा अर्धा माल कारखान्यात भंगारात जातो!"

पिंजऱ्यातल्या मिस्त्रीने कठडा घट्ट धरला. पाठीमागे बसलेल्या तात्यांनी डोळे मिटून मान हलवली, गप्प बस, गप्प बस. वकील रंगात आले होते. "तज्ज्ञच म्हणतात, काम परदेशी कारखान्याच्या तोडीचं आहे. असं काम, महाराज, या हातांनी होईल?"

आणि महिनोन् महिने "मला काय माहीत नाय" यापलीकडे न बोललेला तो माणूस भर कोर्टात ओरडला,

"अर्धा माल भंगारात? ओ वकीलसाहेब, त्या फोरमनला इचारा, एक्केचाळीसचा एक तरी माल परत आलाय का, आन् ते रिव्हॉल्वरपन बगा, कुटं केसभर तरी फरक हाय काय!"