दिलावरची अकरा मतं

पुस्तक हातात घेण्याआधी तो दोन्ही हात पायजम्याला पुसायचा. पान कधी दुमडायचा नाही. खुणेला दोरा ठेवायचा, लाल. चहाची बशी पुस्तकापासून हातभर लांब. सुई कॉलरला टोचलेली, खडू कानावर. माप घेताना गिऱ्हाइकाला विचारायचा, "सध्या काय वाचतोस?" आणि समोरच्याला अक्षर येत नसलं तरी उत्तराची वाट बघायचा. कुणी "लोक असं म्हणत्यात" म्हणालं, की टेप गळ्यात टाकून विचारायचा, "कोण लोक? नाव सांग गड्या. बिननावाचं मत म्हंजी बिनगुंडीचा सदरा."

दिलावर शिकलगार. कुंडलपासून तीन मैलांवरच्या आमच्या गावात शिंपीकाम करायचा. मराठी चौथी शिकलेला. माझ्यापेक्षा बारा वर्षांनी मोठा आणि माझा मित्र.

बेचाळीसच्या दिवाळीच्या सुट्टीत मी सांगलीहून येताना एक पुस्तक आणलं. नीतीवरचे सात निबंध, ब्याण्णव पानं. लेखक सांगलीतले नामांकित गृहस्थ. मी कॉलेजात साहित्य शिकत होतो आणि त्यांच्या घरी माझं जाणं-येणं होतं. त्यांचं नाव मी इथे लिहीत नाही. लिहिलं तर पुस्तक खपेल.

दर रविवारी दुपारी दिलावरच्या दुकानात माणसं जमायची. तो मशीन थांबवून एक निबंध मोठ्यानं वाचायचा. सात रविवार लागले. सुट्टी संपल्यावरही मी दर शनिवारी गावी यायचो. सातव्या रविवारी त्याने प्रस्तावना पुन्हा उघडली आणि शेवटच्या ओळीवर बोट ठेवलं. "वाचकांनी आपले अभिप्राय निःसंकोचपणे कळवावेत."

"दिलावरभाई, असं प्रत्येक पुस्तकात असतं," मी म्हणालो. "रीत आहे ती."

"मंग लिवत्यात कशाला?"

त्याचं बोट ओळीवरच होतं. मी कॉलेजात गेल्यापासून तो मला ‘बीए’ म्हणायचा.

"सायबांनी मागितलंय, बीए. मागितल्यावर द्यायला नगं?"

त्याने कोऱ्या कागदांची वही शिवली. दीड महिना तो मतं गोळा करत होता. गुंड्या लावता लावता, बाह्या उसवता उसवता. ज्याला लिहिता येत नव्हतं त्याचं स्वतः लिहून घ्यायचा, वाचून दाखवायचा, मग खाली सही नाहीतर अंगठा. सहीशिवाय पान उलटायचा नाही.

पलटणीतून पेन्शनीवर आलेले हंबीरराव म्हणाले, "आज्ञापालनावर लिवणाऱ्यानं एक साल फौजेत काढावं. मंग आमी वाचू." धुळा मेंढका म्हणाला, "दयेचा निबंध चांगला हाय. संयमाच्या टायमाला डोळा लागला." एकाने पुस्तक चुलीत घालायला सांगितलं. एकाने पोराच्या शाळेत लावायला सांगितलं.

आंबूआत्तीचं मत सर्वांत लांब होतं. ती गावाच्या टोकाला एकटी राहायची. तिने ज्याखाली अंगठा उठवला ते असं होतं: "खरं बोलण्यावर जे लिवलंय ते देवळात बसून खरं हाय. पर दारात बंदूक घिऊन मानूस उभा असला आन् आत दोन पोरं भाकरी खात बसली असली, तर काय सांगायचं ते ह्यात न्हाई. लेखकाच्या दारावर कुनी थाप मारली नसंल."

त्या दिवसांत आमच्या भागात कितीतरी माळ्यांवर चळवळीतलं कुणी ना कुणी भूमिगत लपलेलं असायचं. गावात हे शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं. मीही ते मत वाचलं. वा, काय भाषा आहे, म्हणालो. मी साहित्याचा विद्यार्थी. मला फक्त भाषा दिसली.

माझंही एक मत होतं, सातवं. "शैली ओघवती, विचार उदात्त. खेड्यातील वाचकासही हे पुस्तक दीपस्तंभासारखे वाटेल." मी कधी दीपस्तंभ पाहिलेला नव्हता. लेखकाची शिफारसपत्रं कॉलेजात चालत, एवढंच मला माहीत होतं.

"तुमचं मत कुठाय?" मी दिलावरला विचारलं.

"सगळ्यांचं हू दे. शिंप्याचा सदरा शेवटाला."

अकरा मतांची त्याने सुवाच्य नक्कल केली. नावं तेवढी नकलेत घातली नाहीत. "नावं वहीत ऱ्हातील. सायबांनी मागितली तर इचारून दिऊ." कागद लाल दोऱ्याने शिवले, वर स्वतःचं नाव आणि गाव लिहिलं. ते बाड मी सांगलीला नेलं आणि माझ्या हाताने लेखकाच्या हातात दिलं. त्यांनी मला कोकम सरबत दिलं. चाळता चाळता ते एका पानावर थांबले, खिशातली निळी पेन्सिल काढली आणि म्हणाले, "खेड्यातली माणसं फार मोकळी असतात, नाही?"

मला तो गौरव वाटला. मी मान डोलावली.

शनिवारी मी चार दिवसांसाठी गावी आलो. मंगळवारी सकाळी फौजदार आठ शिपाई घेऊन चावडीत उतरला आणि पाटलाकडे दिलावर शिंप्याचं घर विचारू लागला. चावडीपासून दुकान दोनशे पावलं. निरोप आधी पोचला. मी दुकानात होतो.

दिलावरने कोळशाच्या इस्त्रीचं झाकण उघडलं. वही काढली. लाल दोरा दाताने तोडला. एकेक पान सोडवून त्याने निखाऱ्यांवर ठेवलं, फुंकलं, राख खाली दाबली, दुसरं ठेवलं. या माणसाने आयुष्यात पुस्तकाचं पान दुमडलं नव्हतं. मी दारात उभा होतो. धूर डोळ्यांत जात होता. फौजदार आला तेव्हा दिलावर हंबीररावांच्या कोटाला इस्त्री करत होता.

त्याला चावडीसमोर नेलं. सगळा गाव जमला. फौजदाराने पिशवीतून बाड काढलं. लाल दोरा मी लांबून ओळखला. आंबूआत्तीच्या मताखाली निळ्या पेन्सिलीची दुहेरी रेघ होती.

"हे कुणाचं दार? कुणाची पोरं?"

"मनानं लिवलंय सायेब. माझं मत हाय."

"आणि बाकीची दहा?"

"ती बी माझीच."

फौजदार हसला. "एका माणसाची अकरा मतं? इथे म्हणतोस चुलीत घाला. इथे म्हणतोस शाळेत लावा."

"अकरा खेपंला वाचलं. दर खेपंला मत पालटलं."

कुणीतरी खुदकन हसलं. शिपायाने दुकानातला कापड मोजायचा लाकडी गज आणला होता. दिलावरचा उजवा हात चावडीच्या कट्ट्यावर धरला. पहिल्या तडाख्याला कुणी हसलं नाही.

नावं विचारली की तो म्हणायचा, "माझंच."

तिसऱ्या का चौथ्या वेळेला आंबूआत्ती गर्दीतून पुढे आली. पदर खोचून. तिने तोंड उघडलं आणि दिलावर तिच्यावर खेकसला, "आत्ती, घरला जा. तुमचं झंपर उद्या मिळंल. रोज रोज काय तगादा लावलाय?"

तिने झंपर शिवायला टाकलंच नव्हतं. ती उभी राहिली. मग गर्दीतल्या साळूबाईने तिला दंडाला धरून मागे ओढलं.

मला त्याने घरी जा म्हटलं नाही. मी पुढे आलोच नव्हतो. अकरांतलं एक मत माझं होतं, तेही पुस्तकाची स्तुती करणारं. कबूल केलं असतं तरी मला कुणी हात लावला नसता. शिवाय मी त्या लेखकाच्या घरी सरबत प्यालेला.

त्याला तेरा महिने आत ठेवलं. बाहेर आला तेव्हा उजव्या हाताची तीन बोटं वळत नव्हती आणि खोकला लागला होता. कात्री त्याची बायको, झुबेदाभाभी, चालवू लागली. तो खडू डाव्या हातात धरून कापडावर रेघ ओढायचा. रेघ वाकडी आली की ती पुसून टाकायची आणि पुन्हा ओढायला सांगायची. मी पदवीधर झालो, सांगलीत शिक्षक झालो. लेखकाच्या घरासमोरून जाताना मी रस्त्याची बाजू बदलायचो. खरं तर दार ठोठावायला हवं होतं.

स्वातंत्र्य आलं त्या महिन्यात दिलावरने नवी वही शिवली, डाव्या हाताने.

"आता भ्या न्हाई, बीए. मतं परत लिवून काढू. नावासकट."

त्याला अकराच्या अकरा पाठ होती. दिवसाला दोन ओळी लिहायचा. एक मत पुरं झालं की वही घेऊन त्या माणसाच्या दारात जायचा, वाचून दाखवायचा, सही घ्यायचा. हंबीरराव तोवर वारले होते. त्यांच्या लेकाने सही केली. आंबूआत्तीने अंगठा उठवला आणि विचारलं, "माझं झंपर कवा देतोस रं?"

"उद्या," दिलावर म्हणाला. दोघंही हसली. मला हसू आलं नाही.

माझं सातवं मत घेऊन तो आला. शब्दही चुकला नव्हता. दीपस्तंभ तसाच होता.

"हे काढा," मी म्हणालो. "मी दुसरं लिहितो."

"तवाचं तवाचं ऱ्हाऊ दे. दुसरं लिवायचं तर त्येच्या खाली लिव. पर हितं सही कर."

मी सही केली. खाली आजवर काही लिहिलेलं नाही.

एकोणपन्नासच्या आषाढात दिलावर गेला. खोकल्यात रक्त पडू लागल्यावर एकवीस दिवस होता. मी बातमी कळून गावी पोचलो तेव्हा माती झाली होती.

मागच्या आठवड्यात सांगलीच्या एका पुस्तकाच्या दुकानात त्या निबंधांची दुसरी आवृत्ती पाहिली. किंमत वाढली आहे. प्रस्तावनेत ‘राष्ट्राच्या नैतिक उभारणीचा’ उल्लेख आहे. शेवटच्या दोन पानांवर ‘वाचकांचे अभिप्राय’. त्यात एका न्यायाधीशांचा, एका प्राचार्यांचा, आणि तिसरा: "शैली ओघवती, विचार उदात्त. खेड्यातील वाचकासही हे पुस्तक दीपस्तंभासारखे वाटेल. – एक ग्रामीण वाचक."

म्हणजे बाड पोलिसांकडे देण्याआधी या माणसाने स्वतःच्या स्तुतीची ओळ उतरवून ठेवली. शांतपणे. निळ्या पेन्सिलीने एक पान फौजदारासाठी, दुसरं पुढच्या आवृत्तीसाठी. सात निबंधांत असं करू नये असं कुठेही लिहिलेलं नाही. मी दुकानात उभ्या उभ्या पुन्हा सगळे चाळले. प्रस्तावनेची शेवटची ओळ तशीच आहे. अभिप्राय निःसंकोचपणे कळवावेत.

हा माझा अभिप्राय. तो ‘एक ग्रामीण वाचक’ मी आहे. या लेखाखाली माझं पूर्ण नाव आणि पत्ता छापावा, असं संपादकांना कळवलं आहे.

रविवारी गावी गेलो. झुबेदाभाभी मशीनवर होती. तिने न उठता फळीकडे बोट दाखवलं. "घिऊन जा ती वही. मला वाचता येत न्हाई आन् तुला वाचल्याबिगर ऱ्हावत न्हाई."

अकरा मतं, अकरा पानं, नऊ सह्या, दोन अंगठे. बाराव्या पानावर लाल दोरा होता. वर बाराचा आकडा. तळाला डाव्या हाताची थरथरती, पण पूर्ण सही: दिलावर हुसेन शिकलगार.

"सही आदी उरकून ठिवतो म्हनला," भाभी म्हणाली. "लिवता लिवता हात दमतोय, मंग सही ऱ्हाती. मत काय, सावकाश लिवीन."

आकडा आणि सही यांच्यामधलं पान कोरं आहे.