मामांचे सर्वपक्षीय नवस

जगातल्या एकूण एक देवांशी एकाच वेळी बोलणी चालू ठेवणारा माणूस मी आयुष्यात एकच पाहिला, आणि तो नेमका माझ्या बायकोचा मामा निघाला. विद्वान लोक हयात घालवतात तेव्हा कुठे त्यांना एखाद्या धर्माचा अंदाज येतो. आमच्या मामांनी मुळशी तालुका न सोडता चार धर्म कोळून प्यायले, आणि पिताना प्रत्येकाबरोबर तोंडी लावायलाही मागून घेतलं. पिरंगुटच्या पुढे पौड रस्त्याला लागून त्यांची शेती. कंपन्या आल्या तशी भातखाचरं मागे सरकली आणि पुढे भाड्याच्या खोल्या उभ्या राहिल्या. इतर घरमालक भाडेकरूचं आधार कार्ड बघतात, मामा आधी विचारायचे, "तुमच्यात उपासाला काय चालतं?" उत्तर चविष्ट वाटलं की खोली पक्की.

या कसोटीला पहिला उतरला तो बिहारकडचा अन्वर वेल्डर. रमजानचा महिना मामांनी त्याच्याबरोबर अतिशय भक्तिभावाने पाळला, म्हणजे संध्याकाळचा भाग पाळला. "रोजा तू धर, सोडायला मी येतो," असा दोघांत करार होता, आणि खजुराची पहिली बी नेहमी मामांच्याच ताटलीत पडायची. त्याच्या शेजारच्या खोलीत केरळच्या सिस्टर राहायच्या. सिस्टर म्हणजे दवाखान्यातल्या नर्स, पण मामा त्यांना धर्माच्याच अधिकारी समजून शंका विचारत. ईस्टरला त्यांनी विचारलं होतं, "तुमचा देव तिसऱ्या दिवशी उटला, म्हंजे दहाव्याचा खर्च वाचला की हो?" सिस्टरना मराठी बेताचंच कळे. अन्वरने त्याचं हिंदी करून सांगितलं तेव्हा त्या इतक्या हसल्या की हातातला केक मामांना मागावा लागला नाही, तो आपोआप मिळाला.

तिसरे पाटील. पाटील म्हटल्यावर मामांनी काहीच न विचारता किल्ली दिली आणि तिथेच फसले. हे पाटील निघाले सांगलीकडचे जैन, एका कारखान्यात अकाउंटंट. "पाटील असून कांदा खात न्हाई, बटाटा खात न्हाई, म्हंजे काय आजारपण हाय का?" मामांनी काळजीने विचारलं होतं. पर्युषणात पाटील नुसत्या उकळलेल्या पाण्यावर राहतात हे कळल्यावर मात्र मामा आदराने वाकले आणि आपणही करणार म्हणाले. सकाळी नऊपर्यंत केलं. मग त्या उकळलेल्या पाण्यात चहाची पूड टाकायला हरकत नसावी, असा निर्णय त्यांनी स्वतःच देऊन टाकला.

एकदा मुळशी धरणाच्या काठी एका रिसॉर्टमध्ये सर्वधर्म संवादाचं शिबिर भरलं होतं. मामा तिथे दूध घालत, म्हणून स्थानिक प्रतिनिधी या नात्याने त्यांना बोलावणं आलं, आणि सोबतीला मी गेलो. पांढऱ्या कपड्यांतली देशोदेशीची माणसं डोळे मिटून सांगत होती की सगळे देव शेवटी एकच आहेत. मामांनी हात वर केला. "एका हाफिसात काम झालं न्हाई तर मानूस दुसऱ्या हाफिसात जातो. तुमी म्हणता समदी हाफिसं एकच. मग आमी जायाचं कुटं?" दुभाष्याने याचं भाषांतर करायला बराच वेळ घेतला. त्यानंतर एका परदेशी बाईंनी मामांना मिठी मारली, आणि पुढे कितीतरी दिवस मामींनी त्यांना त्यावरून बोलून घेतलं.

मामी म्हणजे या सगळ्या धर्मकारणाच्या पाठीमागची चूल. मामांनी कुणालाही जेवायला थांबवावं आणि मामींनी कुणाला काय चालत नाही ते ध्यानात ठेवावं. पाटलांचं बिनकांद्याचं कालवण त्या पहिल्यांदा काढून ठेवत. मामांना त्या नावाने सोडाच, 'अहो'नेसुद्धा क्वचित हाक मारत. त्यांच्या नुसत्या खोकण्यावरून मामांना कळायचं की आता गप्प बसायचं आहे.

त्या मामींच्या हृदयाची झडप खराब झाली आणि पुण्यात ऑपरेशन ठरलं. आत मामी, बाहेर बाकड्यावर मामा आणि मी. एकाएकी मामांनी फोन काढला आणि एकेका भाडेकरूला लावायला सुरुवात केली. "आमची आत हाय. तुमच्यात काय बोलायचं असतं, लवकर सांग." गावच्या देवीला बोकड त्यांनी घरूनच बोलला होता. अन्वरने सांगितलं म्हणून दर्ग्यावर चादर बोलले. सिस्टरनी सांगितलं म्हणून मेरीमातेला मेणाचं काळीज बोलले. पाटील म्हणाले, "आमच्यात नवस नसतो मामा. आपण आपला नियम घ्यायचा." मामांनी क्षणाचाही विचार केला नाही. उभे राहिले, पायताण काढलं आणि दवाखान्याच्या भिंतीकडे तोंड करून म्हणाले, "ती घरी येऊ दे. जल्मभर माझ्यापायी एक जीव मरनार न्हाई."

मामी घरी आल्या. चादर चढली, मेणाचं काळीज पोचलं. मग शेजारच्या धनगराकडून एक देखणा काळा बोकड आला आणि अंगणात उभा राहिला. संध्याकाळी पाटील कामावरून आले, बोकडाला गोंजारून म्हणाले, "पाळलात का मामा? फार छान केलंत." मामा म्हणाले, "पाळतोय कशाला, देवीचा हाय," आणि बोलता बोलताच त्यांचा चेहरा उतरला. एका तोंडाने बोकड कापायचं कबूल केलं होतं आणि त्याच तोंडाने न कापायचं.

रात्री मला फोन. "पावणं, लगोलग या. घोटाळा झालाय. कापला तरी तिच्या जिवाला धोका, न्हाई कापला तरी धोका." मला हसू आलं होतं, ते त्यांच्या आवाजाने गिळायला लावलं. माणूस खरोखर भ्याला होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी गच्चीवर बैठक बसली. रिसॉर्टवाल्यांना जो संवाद साधला नाही तो इथे पाण्याच्या टाकीच्या सावलीत झाला. पाटील म्हणाले, "नियम तुम्ही स्वतःशी घेतलाय. मोडला तर देव रागावणार नाही." मामा वैतागले. "रागवतसुदिक न्हाई? मग त्याला माझी काळजी काय?" सिस्टर म्हणाल्या, "फादर से पूछो, वो छूट दे सकते हैं." मामा म्हणाले, "बोकड देवीचा आन् सूट फादरची? दुसऱ्या खात्याची सही चालती व्हय?" अन्वर म्हणाला, "हमारे में क़सम टूटे तो दस ग़रीबों को खाना खिलाते हैं." मामांचा चेहरा उजळला. "मग ह्योच बोकड शिजवून घालू." पाटील उठून जायला लागले, त्यांना हाताला धरून बसवावं लागलं. मी आपलं सुचवलं की बोकडाऐवजी नारळ फोडावा. मामांनी माझ्याकडे कीव आल्यासारखं पाहिलं. "पावणं, तुमी पुण्याचं. देवीला बनवायचं तुमास्नी जमंल. आमाला तिच्याच गावात राहायचंय."

एवढ्यात जिन्यात खोकल्याचा आवाज आला. डॉक्टरांनी जिना चढू नका म्हणून बजावलेल्या मामी एकेक पायरी घेत वर आल्या आणि टाकीला टेकून बसल्या. सगळे देवधर्म एकदम चिडीचूप. दम खात त्या मामांना म्हणाल्या, "जीव माझा, आन् बोली तुमी लावताय. मला इचारलं का कुणी?" मामा लहान पोरासारखे खाली बघायला लागले. मामी म्हणाल्या, "देवीचा बोकड देवीच्या दारात न्हेऊन सोडा. कापायचा का राखायचा, तिचा ती बघंल. आन् खाली चला समदी, च्या झालाय."

बोकड नेऊन सोडला. मामांनी देवीला परिस्थिती सविस्तर सांगितली आणि मागे न बघता निघाले. त्यांच्या आधी बोकड घरी येऊन पोचला होता आणि सिस्टरच्या दारातलं तुळशीचं रोप खात होता. देवीने बोकड साभार परत केला, असा मामांनी अर्थ लावला. पाटलांनी तो बरोबर असल्याचं सांगितलं आणि अन्वरने बोकडाला बांधायला दोरी आणून दिली.

त्यानंतर मामी काही वर्षं चांगल्या राहिल्या. गेल्या हिवाळ्यात अंगणात उन्हाला पावटे सोलत बसल्या होत्या, तशाच कलंडल्या. सिस्टर रजेवर घरीच होत्या, त्या धावल्या, पण करण्यासारखं काही उरलंच नव्हतं. त्यांनीच मामींचे डोळे मिटले. तिरडीला अन्वर आणि पाटील शेवटपर्यंत खांदा देत होते. भावकीतल्या कुणीतरी त्यावर कुजबुज केली, तेव्हा मामांनी नुसतं त्या माणसाकडे पाहिलं.

मी तिसऱ्या दिवशी सावडायला गेलो. सगळं आटोपल्यावर मामा पायरीवर बसले होते. अन्वर होता, पाटील होते, सिस्टर चहा करत होत्या. मामांनी त्या दिवशी कुणालाही काही विचारलं नाही. मेलेलं माणूस तुमच्यात कुठे जातं, हा प्रश्न ते या तिघांना एकेकदा तरी विचारतील असं मला वाटलं होतं. तेही नाही. मग माझ्याकडे न बघताच म्हणाले, "ह्या बारीला सवडच दिली न्हाई हो तिनं. न्हाईतर बोललो असतो. घर बोललो असतो, जमीन बोललो असतो."

सिस्टरनी चहाचा कप त्यांच्या हातात दिला. तो निवेपर्यंत ते तसाच धरून बसले.