कुमुदताईंचा हिरवा ससा

सकाळी एकलहऱ्याहून पुतण्याचा फोन आला, "काकू, आई उठत नाहीये..." आणि मी मळायला घेतलेली कणीक परातीत तशीच टाकून निघाले. माझ्या मोठ्या जाऊबाई, कुमुदताई, झोपेतच गेल्या. काही आठवडे झाले. रडून झालंय, आता त्यांची आठवण आली की बहुतेक वेळा हसूच येतं.

वीज केंद्राच्या कॉलनीतलं त्यांचं क्वार्टर क्रोशाच्या रुमालांनी भरलेलं होतं. टीव्हीवर रुमाल, फोनवर रुमाल. भाऊजींच्या हेल्मेटवरही आला असता, पण ते वेळीच ओरडले. नव्वदच्या दशकात कधीतरी आम्ही सगळे गंगापूर रोडच्या एका चायनीज हॉटेलात गेलो होतो. तिथे ताटाखाली बारा प्राण्यांचं चित्र असलेला कागद होता, दर चिनी वर्षाचा एक प्राणी. ताईंनी तो घडी घालून पर्समध्ये टाकला. तेव्हापासून घरात, शेजारीपाजारी कुणाला दिवस गेले की त्या त्या वर्षाचा प्राणी विणायला घ्यायच्या. पण बाळ येण्याआधी त्याच्यासाठी काही करायचं नाही, ही सासूबाईंची शिस्त. ताईंनी त्यातून मार्ग काढला. पाय, डोकं, शेपूट सगळं सुटं विणून पिशवीत ठेवायचं आणि बाळ आल्यावर जोडायचं. डोळ्यांची बटणं सगळ्यात शेवटी. "आधी लावले तर ते बिचारं वाट बघत बसेल. वाट आपण बघायची," असं त्या म्हणायच्या.

माझं पहिलं बाळ राहिलं नव्हतं. दुसऱ्या वेळी मार्चची तारीख होती, साल दोन हजार, म्हणून ताईंनी पंखांसकट हिरवा ड्रॅगन विणला. ड्रॅगन त्यांनी त्या कागदाबाहेर कुठे पाहिलेला? तोंड पोळ्याच्या बैलासारखं झालं. पण सई जानेवारीतच आली, एवढीशी, आणि तिला काचेच्या पेटीत ठेवलं. दवाखान्याच्या बाकड्यावर ताईंनी तो कागद नीट वाचला आणि कपाळावर हात मारला. चिनी वर्ष फेब्रुवारीत बदलणार होतं. सईच्या वाट्याला ससा आला होता.

"राहू द्या ताई. डोळे तर नकोच," मी म्हणाले. मला फार भीती वाटत होती.

"आली ना ती? मग लावायचे."

त्यांनी तिथेच पंखांचे कान केले, शेपूट उसवून गोंडा केला, सगळं जोडलं आणि काळी बटणं शिवून टाकली. "हिरवा ससा कुठे असतो, वहिनी?" ह्यांनी विचारलं. ताई चिडल्या की सटाण्याची माहेरची बोली बाहेर यायची. "हाऊ ससाच शे!"

त्या दिवसांत मी पहिल्यांदा हसले.

सई आता दहा वर्षांची होतेय. ससा अजून तिच्या उशाशी असतो.

परवा एकलहऱ्याला ताईंची विणकामाची पिशवी उघडली. पुतण्याच्या बायकोला फेब्रुवारीची तारीख दिलीय, अगदी चिनी वर्ष बदलतं त्याच सुमाराची. पिशवीत धड, डोकं, चार पाय होते, आणि शिंगं होती, शिवाय पट्ट्यापट्ट्यांचं शेपूटही. बैल आला तरी तयारी, वाघ आला तरी तयारी! ह्या वेळी चुकायचं नाही असं ठरवलेलं दिसतंय... तळाशी पुडीत दोन काळी बटणं.

"आई, जोडूया?" सईने विचारलं.

"इतक्यात नाही."

पिशवी पुन्हा त्यांच्या खुंटीला अडकवली. जोडायचं काम आता माझ्याकडे आलंय. सुई-दोरा तयार आहे, आणि वाट आम्ही बघतोय.